आपोआप हलणारा तांब्या

तुळसाला लहानपणापासून एक खोड होती. एखादी गोष्ट दिसली की ती तशी का, हे विचारल्याशिवाय तिला चैन पडत नसे. कोंबडी पाणी पिताना मान वर का करते? फणस फांदीच्या टोकाला न लागता बुंध्यालाच का लगडतो? आई वैतागून म्हणायची, "हिला सासूच गप्प करील." सासू आली, सासू गेली, खोड होती तिथंच राहिली. म्हणून पन्नाशीत तिचा उजवा खांदा आखडला, तेव्हा दुखण्याबरोबर तिला त्याचं नवलही तितकंच वाटलं.

कातळवाडी म्हणजे संगमेश्वरापासून वर चढून गेलं की लागणारी दहाबारा घरं. तिथं मागल्या शिमग्यानंतर हे दुखणं सुरू झालं. आधी हात पाठीमागं जाईना, मग वर जाईना. गणपती येईस्तोवर अशी गत झाली की केस डाव्या हातानं पुढं ओढून कसाबसा अंबाडा गुंडाळायचा आणि उजव्या कुशीवर झोपायचं नाव काढायचं नाही. ती कुठं पडली नव्हती, काही जड उचलताना लचक भरली नव्हती. तेल चोळून झालं, निर्गुडीचा शेक झाला. वाडीतल्या एका म्हातारीनं करणीचा संशय घेतला. त्यावर तुळसानं विचारलं, "करनी करनाऱ्यानं येवढं सगळं अंग सोडून खांदाच का धरला?" म्हातारी रागावून उठून गेली.

सगळं अडलं होतं ते पाण्यापाशी. वाडीची विहीर खाली, व्हाळाच्या म्हणजे ओढ्याच्या काठाला. तिथून पाणी ओढायचं, भरलेली कळशी दोन्ही हातांनी उचलून डोक्यावर घ्यायची आणि चढण चढून यायचं. एका हाताचं ते काम नव्हे. गणपतीपासून तुळसाचं पाणी शेजारची जनी भरत होती. जनी बोलायला फटकळ, पण हाताची मोकळी. "वैनी, तुझ्या पान्यानं माझी टाळू चपटी झाली," असं म्हणत म्हणत ती रोज तिची घागर भरून टाकायची.

पण जनी आता जाणार होती. मुंबईत तिच्या सुनेला दिवस गेले होते, आणि अक्षय तृतीया झाली की लेक तिला न्यायला येणार होता. तुळसाचा नवरा सदू गिरगावात एका छापखान्यात कामाला. त्यानं गावी येणाऱ्या माणसाबरोबर निरोप धाडला होता: जनीबरोबर तूही निघून ये, घराला कुलूप लाव, एका हातानं तिथं एकटी काय करणार? सदूचं चुकत नव्हतं. पण तुळसा एकदा त्याच्या गिरगावातल्या खोलीत महिनाभर राहून आली होती. गॅलरीत उभं राहिलं की समोर दुसरी गॅलरी, तीत उभी राहिलेली दुसरी बाई. विचारण्यासारखं तिथं काही नव्हतंच. परत आल्यावर तिनं आपल्या परसातल्या फणसाच्या बुंध्याला हात लावला होता आणि तिला रडू आलं होतं. आता खांदा सुटला तर हे घर, नाही सुटला तर ती गॅलरी.

दिवाळी झाल्यावर ती एसटीनं रत्नागिरीला गेली. तिथल्या दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या एक तरुण बाई होत्या. त्यांनी तुळसाचा हात हळूच उचलून पाहिला, फिरवून पाहिला आणि म्हणाल्या, "खांदा गोठलाय."

"गोठायला तो काय तूप हाय?" तुळसा म्हणाली.

बाई हसल्या. पण त्यांनी समजावून सांगितलं. सांध्याभोवती एक पातळ पिशवी असते, ती आखडून जाड झाली. हाड मोडलेलं नाही, काही तुटलेलं नाही. का आखडते? कधीकधी कारण सापडत नाही. तुळसाला हे फार आवडलं. शिकलेल्या माणसानं 'ठाऊक नाही' असं म्हणताना ती पहिल्यांदाच ऐकत होती.

"जोर करायचा नाही," बाई म्हणाल्या. "ताण बसला पाहिजे, कळ येता कामा नये. कळ आली की थांबायचं. पण रोज करायचं. महिने लागतील, कंटाळायचं नाही."

मग त्यांनी दाखवलं. आधी गरम पाण्याचा शेक. मग भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं आणि बोटांनी भिंत चढायची, मुंगी चढते तशी, आणि जिथं ताण बसेल तिथं थांबायचं. मग डाव्या हातानं टेबलाला टेकायचं, कमरेत वाकायचं, उजवा हात लोंबता सोडायचा आणि झुलवायचा. थोडे दिवस गेले की हातात हलकंसं वजन धरायचं.

"कसलं वजन?"

"घरात तांब्या असेल ना? थोडं पाणी घालून तोच धरा. आणि हे नीट ऐका. हात तुम्ही हलवायचाच नाही. अंग हलवायचं. हात मोकळा सोडला की आपोआप झुलेल."

"आपोआप?"

"आपोआप," बाई ठामपणे म्हणाल्या.

घरी आल्यावर तुळसानं हा प्रकार वाडीत कुणाला सांगितला नाही. पन्नाशीच्या बाईनं शाळेतल्या पोरांसारखी कवायत करायची म्हणजे लोकांना चघळायला विषय. ठाऊक होतं ते एकट्या जनीला. दार लोटून घेऊन तुळसा भिंत चढायची. मुंगी चढली कुठवर, हे रोज जनी विचारायची आणि तुळसा कोळशानं ओढलेली रेघ दाखवायची. पहिली रेघ छातीशी होती. मकरसंक्रांतीला ती हनुवटीपाशी आली. कधी आठवडाभर बोटं एकाच रेघेवर अडून बसायची. मग एका सकाळी, कालच्यापेक्षा वेगळं काही केलं नसताना, ती आपसूक रेघेच्या वर सरकायची. रात्रीत आत काय झालं असेल, याचा विचार करत तुळसा भाकऱ्या थापायची.

तांब्याचा व्यायाम मात्र घरात जमेना. पाणी हिंदकळून सारवलेल्या जमिनीवर चिखल व्हायचा. म्हणून ती परसात गेली. तिथं फणसाखाली चिऱ्यांचा गडगा होता, बरोबर कमरेइतका, टेकायला टेबलासारखा. अडचण एवढीच की गडग्याच्या पलीकडे काशीराम राहत होता.

काशीराम वाडीतला मोठा माणूस आणि नात्यानं सदूचा चुलतभाऊ, वयानं वडील. म्हणजे तुळसाचा थोरला दीर. तिचं लग्न झाल्यापासून दोघं समोरासमोर एक अक्षर बोलली नव्हती. रीतच तशी. काशीरामाला तिला काही सांगायचं असलं तर तो जनीला सांगायचा. जनी नसली तर फणसाला. "पाऊस येनार, कुनाची गोवरी भायेर असंल तर भिजंल," असं तो फणसाकडे बघून म्हणायचा, आणि तुळसा फणसालाच "बरं" म्हणून गोवऱ्या आत न्यायची. त्या झाडाला दोन्ही घरांची सगळी गुपितं ठाऊक होती.

त्या वर्षी वाडीला सरकारी विहीर मंजूर झाली होती. ओव्हरसियर येणार, वाडीनं जागा दाखवायची. जागेवरून मात्र एकमत होईना. जो तो आपल्या दारापाशी बोट दाखवी. जमिनीखालचं पाणी सांगणाऱ्या पाणाड्याला बोलावणं धाडलं होतं, पण त्या हंगामात त्याला सवड कुठली! कुणी पाणाड्या बेचकी धरतो, कुणी तळहातावर नारळ आडवा ठेवतो, कुणी पाण्यानं भरलेला तांब्या. काशीराम याच विचारात एका सकाळी दात घासत गडग्यापाशी आला, आणि त्यानं काय पाहिलं? सदूची बायको डाव्या हातानं गडगा धरून जमिनीवर वाकलेली, डोळे अर्धे मिटलेले, तोंडानं काहीतरी पुटपुटतेय, आणि तिच्या हातातला तांब्या जमिनीच्या जरा वर गोल गोल फिरतोय. पुटपुटत ती फेरे मोजत होती, पण ते त्याला कसं कळावं?

त्या दिवशी तो पाहून आत गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी जनी पाणी घेऊन आली तशी त्यानं तिला हाक मारली.

"जने, इचार जरा. ह्यो तांब्या कोन हलवतंय?"

"वैनी, दादा इचारतायत, तांब्या कोन हलवतंय?"

तुळसानं पदर सारखा केला आणि बाईंचे शब्द जसेच्या तसे फणसाला सांगितले, "मी नाय हलवत. तो आपोआप हलतो."

काशीरामाच्या तोंडातली राखुंडी तोंडातच राहिली. "इचार, कुठं पन हलतो काय?"

"हितं बरा हलतो," तुळसा फणसाला म्हणाली. गडग्याची उंची बरोबर होती ना!

"आनि पयल्यापासून असाच?"

"पयल्यांदा थोडा हलायचा. आता मोठं रिंगन घेतो."

काशीरामानं त्या जागेकडे असं पाहिलं की जणू तिथं आत्ताच ओल दिसतेय. चूळ न भरताच तो घरात गेला. सांजवेळेपर्यंत बातमी वाडीभर झाली: तुळसाच्या हाताला पाणी कळतं.

जनी हसू दाबत आली. तुळसा चपापली. "अगो, तू सांगायचं नाय काय, ह्यो खांद्याचा व्यायाम हाय म्हनून?"

जनीचं हसू विरलं. ती उंबऱ्यावर बसली. "नाय सांगितलं. मुद्दामच. वैनी, मी चाललंय. तुझं पानी कोन भरनार? हीर तुझ्या गडग्यापाशी झाली तर रहाटावरनं डाव्या हातानं लहान बालदी ओढशील. डोक्यावर घ्यायला नको, चढन नको. मुंबैला जायला नको. तू काय खोटं बोललीस? नाय ना? मग गप ऱ्हा."

तुळसा गप्प राहिली. खरं सांगायचं तर तिला ते गोड वाटलं. विहीर दारात, फणसाच्या सावलीत. सदूला निरोप धाडता येईल की माझं सगळं सुरळीत आहे. आणि त्यात तिच्या जुन्या खोडीनं डोकं वर काढलं. तांब्याला खरंच पाणी कळत असलं तर? आपल्याला कुठं ठाऊक असतं आत काय आहे ते? बाईंना तरी खांद्याचं कारण कुठं ठाऊक होतं?

मग काय, तिला राहवेना. दुपारी वाडी पेंगत असताना तिनं तांब्या घेतला आणि खालच्या विहिरीच्या काठाशी जाऊन वाकली. तांब्या फिरला. तिथं तर पाणी होतंच. मग ती वाडीमागच्या उघड्या कातळावर गेली. तिथं पावसाळ्यात गवताची काडी उगवते आणि दिवाळीला करपते, खाली नुसता दगड. दगडावर हात टेकून वाकली. तांब्या फिरला, आणि गडग्यापेक्षा मोठं रिंगण घेऊन फिरला, कारण चालून चालून खांदा गरम झाला होता. शेवटी तिनं पाय घट्ट रोवले, अंग रोखून धरलं आणि तांब्याकडे पाहत राहिली. तांब्या थोडा डुलला आणि निमूट लोंबत राहिला. तिनं कमर जराशी हलवली, तो लगेच निघाला.

ती कातळावर बसली. कोडं सुटल्याचा आनंद तिला नेहमी व्हायचा, तो या वेळी झाला नाही. तांब्याला पाण्याचं काही कळत नव्हतं. त्याला फक्त तुळसाचं कळत होतं.

तरीही ती गप्प राहिली. आज सांगू, उद्या सांगू असं करत आठवडा गेला. लोक आता तिच्याशी वेगळ्या आवाजात बोलत होते. एकीनं तर तिला आपल्या परसात तांब्या घेऊन यायचं आमंत्रण दिलं. भिंतीवरची रेघ कपाळापर्यंत चढली होती, पण कळशी डोक्यावर घ्यायची तर हात डोक्याच्या वर जायला हवा होता, भरलेल्या वजनासकट. तो जाईल की नाही, कुणी सांगावं? विहीर मात्र येणार हे नक्की. असं तिच्या मनाचं चाललं होतं.

ओव्हरसियर यायच्या आदल्या दिवशी वाडी गडग्यापाशी जमली. जागेच्या राखणदाराला गाऱ्हाणं घालायचं, नारळ द्यायचा आणि पहिली कुदळ मारून खूण करायची. बायका एका बाजूला उभ्या, तुळसा त्यांच्यात, जनी तिच्या शेजारी. काशीराम उघड्या अंगानं, पंचा खांद्यावर टाकून पुढं झाला. हल्ली तो सदरा घालतच नसे. उकाडा फार होतो म्हणायचा. यंदाच्या शिमग्यात पालखीलाही त्यानं खांदा दिला नव्हता. आता पोरांनी नाचवावी, असं म्हणून बाजूला उभा राहिला होता.

"बा राखनदारा," काशीरामानं मोठ्यानं सुरुवात केली, "ही तुझी लेकरं आज तुझ्या पायाशी आली..."

"व्हय म्हाराजा!"

"त्येंच्या अंगमेहनतीला यश दे. ज्या हाताला तू पानी दाखवलंस, त्या हाताची लाज राख..."

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

अंगमेहनत हा शब्द तुळसाला जाऊन लागला. खणायला ही समोरची माणसं उतरणार होती. कातळ फोडायचा, दिवसचे दिवस, हाताला फोड येईस्तोवर. आणि खाली काय? तिला जेवढं ठाऊक होतं तेवढंच राखणदाराला ठाऊक असलं तर! काशीरामानं नारळ शेजारच्या गड्याच्या हातात दिला. गड्यानं तो उगारला.

"थांबा!" तुळसा म्हणाली.

सगळे वळले. थोरल्या दिरासमोर, गाऱ्हाणं चालू असताना, बाई ओरडली होती. जनीनं तिचा पदर ओढला. तुळसानं सवयीनं तोंड फणसाकडे केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं त्याला सांगू लागली.

"माझ्या हाताला पानी कळत नाय. माझा खांदा गोठलाय. रत्नांग्रीच्या बाईंनी व्यायाम दिलाय, तो मी करतंय. तांब्या माझ्या अंगानं हलतो. कातळावर जाऊन बघितला, तिथं हितल्यापेक्षा जास्ती हलतो. खोटं वाटत असंल तर कुनी पन घ्या नि हलवा."

कुणाचा विश्वास बसेना. मग एकानं तांब्या घेतला, गडग्याला टेकून वाकला. "अंग हलव, हात मोकळा सोड," तुळसानं सांगितलं. तांब्या फिरला. दुसऱ्यानं घेतला, फिरला. तिसरा परसाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन वाकला, तिथंही फिरला. कुणीतरी म्हणालं, "मग काय, सगल्या वाडीत हिरीच हिरी!" आणि जो हशा उसळला तो थांबेना. तुळसाचे कान तापले. रडू येईल असं तिला वाटलं, पण आलं नाही.

काशीराम हसला नाही. त्यानं एकदा तांब्याकडे पाहिलं, एकदा फणसाकडे, आणि गडगा ओलांडून घरात निघून गेला. नारळ तसाच राहिला. विहीर व्हाळाच्या अंगाला, जुन्या विहिरीच्या जरा वर घ्यायची असं पुरुषांनी उभ्या उभ्याच ठरवलं. म्हणजे तुळसाला होती तेवढीच चढण.

"हीर दारात येत होती, वैनी," जनी डोळे पुसत म्हणाली.

"हीर येत होती," तुळसा म्हणाली. "पानी नव्हतं येत."

दुसऱ्या दिवशी सकाळी तांब्या घेऊन परसात जायचं तिच्या जिवावर आलं. पण बाईंनी रोज करायला सांगितलं होतं, म्हणून गेली. गडग्यापलीकडे काशीराम उभा होता. पंचा तसाच खांद्यावर. तुळसानं मान खाली घातली. आता फणसाला काय काय ऐकावं लागणार कुणास ठाऊक!

"तुळसा," काशीराम म्हणाला.

तिनं दचकून वर पाहिलं. त्यानं तिचं नाव घेतलं होतं. तिच्याकडे बघून घेतलं होतं.

"खरंच सुटतो काय गो खांदा?"

तेव्हा कुठं तिच्या लक्षात आलं. सदरा, पालखी, दुसऱ्याच्या हातात दिलेला नारळ. एवढी सगळं विचारणारी ती, आणि गडग्यापलीकडच्या माणसानं वर्षभर हात वर केला नाही, हे तिनं कधी विचारलंच नव्हतं. मोठ्या माणसाला कसं विचारायचं?

"सुटतो, भावजी," ती त्याच्याकडे बघून म्हणाली. "हळू सुटतो. पन रत्नांग्रीला जाऊन बाईंना दाखवा पयलं." आणि तिनं गडग्यावरून तांब्या त्याच्यापुढं केला. "रिकामाच धरा. कळ आली तर थांबायचं."

अक्षय तृतीया झाली. जनीच्या लेकानं ट्रंक बांधली. निघायच्या दिवशी सकाळी जनी पाण्याला आलीच नाही. मुद्दाम आली नाही, हे तुळसाला कळलं. तिनं कळशी घेतली आणि एकटी खाली उतरली. दोर दोन्ही हातांनी ओढला, थांबत थांबत. कळशी भरली. मग तिनं श्वास घेतला, कळशी मांडीवर घेतली, छातीशी घेतली. हनुवटीपाशी आली, ही संक्रांतीची रेघ. कपाळापाशी आली, ही पाडव्याची. तिथं हात अडला. जोर करायचा नाही, तिनं स्वतःला सांगितलं, अंग हलव. ती गुडघ्यात किंचित वाकली आणि अंगासकट वर उठली. अर्धं पाणी तिच्या मानेवर, पाठीवर सांडलं. पण कळशी चुंबळीवर बसली होती, आणि तिचे दोन्ही हात वर होते.

भिजलेल्या लुगड्यानं ती चढण चढून आली. काशीराम गडग्याला टेकून वाकला होता, त्याच्या हातात तांब्या. अजून तो हातच हलवत होता.

"हात नाय, भावजी, अंग हलवा," ती न थांबता म्हणाली. त्यानं मान वर केली आणि तिचे वर गेलेले हात पाहतच राहिला.

जनी दारात ट्रंकेवर बसून वाट पाहत होती. तुळसाला तसं येताना पाहून तिनं तोंडावर पदर धरला. ती हसत होती की रडत होती, तिचं तिलाच ठाऊक.

"सदूदादाला काय सांगू, वैनी?"

"सांग," तुळसा म्हणाली, आणि कळशी उतरवून घ्यायला जनी पुढं झाली तर तिनं तिला हातही लावू दिला नाही. "सांग, कुलूप तिकडंच ठेव म्हनावं."